धाब्यावरचा स्कुआ

मला पक्षी ओळखायला माझ्या भावाने शिकवलं, हे मी कधी नाकारलं नाही आणि आजही नाकारत नाही. असोद्याच्या आमच्या वावराच्या बांधावर मला उकिडवं बसवून त्याने साळुंकी आणि भांगपाडी मैना शेजारी शेजारी दाखवल्या, बगळा आणि ढोकरी दाखवली, घार आणि तिच्यासारखाच दिसणारा ससाणा दाखवला. आधी चोच पाहायची, मग पाय, आणि रंग सगळ्यात शेवटी, असा त्याचा नियम होता. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. घरात मला कुणी काही शिकवावं अशी पद्धत नव्हती, त्यामुळे जो शिकवील तो देवच. मुरलीधर त्याचं नाव, पण आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. पुढे तो मुंबईला कॉलेजात गेला आणि प्राणिशास्त्र घेतलं. गावात लोक विचारायचे, प्राणी शिकायला मुंबई कशाला, गोठ्यात काय कमी आहेत? माय हसायची, पण तिला ते लागायचं.

आमचं घर मातीच्या धाब्याचं होतं. वर सपाट छत, त्यावर खारी माती थापलेली, आणि चढायला अंगणातून लाकडी शिडी. त्या धाब्यावर उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत, पावसाळ्यात गवत उगवे, आणि पितरांच्या पंधरवड्यात तिथेच घास ठेवला जाई. घरात माय, मी, आणि माझे काका. काकांना आम्ही आबा म्हणत असू. माझे वडील, नाना, जाऊन दोन वर्षं झाली होती. ते केळीला पाणी धरून आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत गेलेले होते. भाऊ मुंबईहून पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरावं झालं आणि तो परत गेला, तो नंतर आलाच नाही. पहिल्या वर्षी पितरांच्या वेळी त्याची परीक्षा, दुसऱ्या वर्षीही परीक्षा. मुंबईत बारा महिने परीक्षाच असतात अशी माझी समजूत झाली होती.

पहिल्या वर्षी नानांच्या घासाला कावळा शिवला नाही. खीर, उडदाचे वडे, कढी, गंगाफळाची भाजी, सगळं केळीच्या पानावर मांडून आबांनी हात जोडले. अंगणातल्या निंबावर पाच-सहा कावळे बसलेले, पण एकही खाली उतरला नाही. आबा म्हणाले, "मी पाहीन बठ्ठं, वहिनीले काही कमी पडू देनार नही." तरी नाही. "तुह्या पोराले घेऊन येतो," असंही म्हणून पाहिलं. शेवटी उन्हं कलली आणि पान गाईला दिलं. त्या दिवसापासून माय घास तोडताना मध्येच थांबायची. कुणाशी बोलली नाही, पण नानांचं मन कशात अडकलं आहे हे तिने ठरवून टाकलं होतं, आणि ते मुंबईतच अडकलं होतं.

दुसऱ्या वर्षी पितरांच्या आधी तीन दिवस पश्चिमेकडून असा वारा सुटला की आमच्या मळ्यातली निम्मी केळी माना मोडून पडली. पावसापेक्षा वाराच जास्त. धाब्यावरची माती उडून अंगणात आली. चौथ्या दिवशी वारा पडला आणि नानांची तिथी आली. पान मांडलं, आबांनी हात जोडले, कावळे निंबावर बसले आणि बसूनच राहिले. माय शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. एवढ्यात जळगावच्या बाजूने एक मोठा काळपट पक्षी खाली खाली येत आला आणि धाब्यावर आदळलाच म्हणा. घारीएवढा, पण घारीपेक्षा जाड, आणि पायाला बदकासारखे पडदे. एक पंख लोंबत होता. कावळ्यांना आता धीर आला, त्यांनी एकदम खाली झेप घेतली. त्या पाहुण्याने मान वर करून असा काही आवाज काढला आणि पहिला कावळा शेपटीला असा धरला की बाकीचे निंबावर परत गेले. मग तो सावकाश पानाकडे चालत गेला आणि वडे, खीर, भात, एकेक करून सगळं खाल्लं. कढीत चोच बुडवून पाहिली, ती मात्र आवडली नाही.

आबा दोन पावलं मागे सरले. माय वर चढली, पदर डोक्यावर घेतला आणि धाब्यावर डोकं टेकलं.

"आले," ती म्हणाली. "कढी त्याहीले कधीच आवडत नव्हती."

आता हे वाचताना कुणी हसलं तर मला राग नाही. मीही नंतर पुष्कळ हसले आहे. माझ्या नानांनी जन्मात कुणाच्या ताटातलं ओढलं नाही आणि हा पक्षी तर समुद्रावरचा दरोडेखोर. दुसऱ्या पक्ष्यांच्या मागे लागून, त्यांनी गिळलेला मासा त्यांना हवेतच ओकायला लावून खाणारा. पण हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं? असोद्यात समुद्र पाहिलेला माणूस एकच होता आणि तो परीक्षा देत होता. मायने दोन वर्षांनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं. मला तेवढं पुरेसं होतं.

पक्ष्याला आम्ही केळी पिकवायच्या खोलीत ठेवलं. पहिले दोन दिवस त्याने भाकरी खाल्ली, मग तोंड फिरवलं. मी तापीकाठच्या एका कोळणीला विचारलं, ती म्हणाली, पडद्याचे पाय आहेत तर मासेच दे. आमच्या घराच्या उंबऱ्याने तोवर मासा पाहिला नव्हता. मी भीत भीत मायला सांगितलं. तिने आबा ओट्यावर नाहीत ना ते पाहिलं.

"मागच्या दारानं आन," ती म्हणाली. "अन् आबाले सांगू नको."

"पन माय, नाना कुठी मासे खात व्हते?"

"मुंबईले गेले व्हते ना एक डाव, भाऊले पोचवाले. तठी खाल्ले असतीन. मानूस सांगते का घरी?"

रोज दुपारी माय त्या खोलीच्या दाराशी धान्य निवडत बसे आणि बोलत असे. वारा किती सुटला, कोणाची गाय व्याली, आबांचा गुडघा कसा आहे, भाऊचं पत्र आलं नाही. पक्षी एका पायावर उभा राहून ऐके. एकदा तिने त्याच्या पाठीला हात लावला तर त्याने तिचा अंगठा फोडला. तीन दिवस चिंधी बांधून ती कौतुकाने सगळ्यांना दाखवत होती.

मी भाऊला पत्र लिहिलं ते तिसऱ्याच दिवशी. चित्र काढून पाठवलं. आठ दिवसांत उत्तर आलं. इतक्या लवकर त्याचं उत्तर कधीच येत नसे, नाना गेल्यावरही आलं नव्हतं. पत्रात एकाऐवजी दोन चित्रं होती, कॉलेजच्या पुस्तकातून उतरवून घेतलेली, एकाखाली एक. दोन्ही जवळजवळ सारखीच. त्याने लिहिलं होतं, या पक्ष्याला स्कुआ म्हणतात, आणि याच्या दोन भावंड-जाती आहेत, दोन्ही पार दक्षिणेकडच्या बर्फाच्या समुद्रातल्या. दोघांच्या पंखावर पांढरा पट्टा. एक तपकिरी, अंगाने भरलेला, जाड मानेचा, चोच मोठी आणि बळकट, मानेवर पिवळसर रेघा. दुसरा जरा लहान, डोकं छोटं, चोच बारीक, आणि अंग उंदरासारखं राखी, त्यामुळे पंख अंगापेक्षा गडद दिसतात. पहिला क्वचित का होईना, आपल्या किनाऱ्यावर येतो. दुसरा आपल्या देशात सापडल्याचं कुणी खात्रीने सांगू शकलेलं नाही. "यमू, तुझा कोणता ते नीट पाहा. रंगावर जाऊ नकोस. चोच आणि पायाची नळी मोजून पाठव."

मी काय काय केलं असेल! सकाळच्या उन्हात पाहिला तेव्हा तो मला तपकिरी वाटला, सावलीत राखी. मान जाड आहे म्हणावं तर तो रागावला की जाड व्हायची, निवांत असला की बारीक. डोकं छोटं की मोठं, हे शेजारी दुसरा असल्याशिवाय कसं सांगणार? मग मोजमाप. आमच्या घरात मोजपट्टी नव्हती. चोळीचं माप, बांगडीचं माप, पाळण्याची दोरी, सगळं मायच्या हातच्या सुताने व्हायचं. सूत लावायचं, गाठ मारायची आणि तोडून शिंप्याकडे द्यायचं. मीही तेच केलं. पक्ष्याच्या डोक्यावर फडकं टाकून चोचीभोवती एक दोरा लावला, पायाच्या नळीला एक, पंखाला एक. तीन दोरे पाकिटात एकत्र गेले तर भाऊला कुठला कशाचा ते कळणार नाही, म्हणून चोचीचा दोरा हळदीच्या पाण्यात भिजवला, नळीचा कुंकवाच्या, पंखाचा पांढरा ठेवला. वाळवून घडी करून पाठवले. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

या वेळचं उत्तर पाच दिवसांत आलं. अक्षर तिरकं गेलेलं, शाई सांडलेली. चोच बारीक भरते, नळी आखूड भरते, म्हणजे दुसराच! मी दसऱ्याला येतो. त्याला उडू देऊ नकोस. मग शेवटी लिहिलं होतं, "आपण दोघं मिळून त्याला तापीवर नेऊन सोडू. तुझ्या हाताने सोडायचा." ते पत्र मी मायला चार वेळा वाचून दाखवलं. तिला सोडण्याबिडण्याचं काही ऐकू आलं नाही. तिला फक्त "मी दसऱ्याला येतो" एवढंच ऐकू आलं.

आणि नेमका तेव्हाच पक्षी बरा झाला. लोंबता पंख सरळ झाला. खोलीतून धाब्यावर नेला की तो वाऱ्याकडे तोंड करून पंख उघडी आणि दोन-दोन हात वर उचलला जाई. माय म्हणायची, "जाऊ दे त्याहीले पोरी, निघाचं शे त्याहीले." (आमच्याकडे 'आहे'च म्हणतात, पण मायचं माहेर धुळ्याकडचं, तिच्या तोंडात 'शे' राहिलंच होतं.) पण भाऊने सांगितलं होतं, उडू देऊ नकोस. मी धोतराची चिंधी त्याच्या पायाला बांधली आणि दुसरं टोक खुंटीला. सहा दिवस तो त्या चिंधीला हिसके देत होता. सहाही दिवस मी स्वतःला सांगत होते, तापीवर सोडू, चांगल्या जागी सोडू. त्या सहा दिवसांचा हिशेब मला कुणी मागितला नाही. मीच मागत असते.

भाऊ आला तो कातडी पेटी घेऊन आला. बोलणं पार शहरी झालेलं, मायला 'आई' म्हणाला, ती दचकली. पण त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती आबांबरोबर गाडीने जळगावला गेली, भाऊला आवडते ती शेव आणायला आणि दसऱ्याचं काही घ्यायला. घरात आम्ही दोघंच. भाऊने पेटीतून पितळेचं मोजायचं यंत्र काढलं. मी पक्षी धरला, त्याने चोच मोजली. पुन्हा मोजली. नळी मोजली. माझ्याकडे पाहिलं.

"दोऱ्याला काय लावलं होतंस?"

"हयद. अन् कुकू."

"मोजल्यावर भिजवलेस?"

"व्हय."

त्याने यंत्र खाली ठेवलं. हातानं कातलेलं सूत पाण्यातून काढून वाळवलं की आखडतं, हे कापसाच्या मुलखात जन्मलेल्या मला कळायला हवं होतं. चोच बारीक नव्हती, नळी आखूड नव्हती. पक्षी पहिलाच होता, किनाऱ्यावर येणारा. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर भाऊसाठी वाटलं. पक्ष्याचं भलंच झालं असं मला वाटलं.

"मंग आता सोडाचा ना, भाऊ?"

"हो," तो म्हणाला. "पेटीतून तापीपर्यंत न्यायचा तर खाली मऊ हवं. कापूस आण. घरातला नको, कचरा असतो त्यात. वावरातून नवा वेचून आण, सरकी काढून."

मी धावतच गेले. नुकतीच पहिली बोंडं फुटायला लागली होती. एकेक करून ओटीभर वेचला, बांधावर बसून बोटांनी सरकी काढली, काडी-कस्पट राहू दिलं नाही. त्याच्या छातीखाली टोचायला नको म्हणून पिंजून पिंजून फुगवला. घरात वातींसाठी एक अख्खं पोतं स्वच्छ कापूस होता, हे माझ्या डोक्यात येतच नव्हतं. तास-दीड तास गेला असेल.

परत आले तेव्हा भाऊ केळीच्या खोलीत पाटावर बसला होता. समोर दादरीच्या, आमच्याकडच्या ज्वारीच्या, पिठाची परात. पक्षी उताणा, पंख दोन बाजूंना नीट पसरलेले. मला वाटलं, काही औषध देऊन निजवलंय. रक्ताचा थेंब नव्हता. छातीच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबून धरली की जीव जातो आणि सोलताना ओल टिपायला पीठ लागतं, हे मला पुढे पुस्तकात वाचायला मिळालं. भाऊने वर न पाहता हात पुढे केला.

"आण कापूस."

मी दिला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी दिला. ओंजळीने त्याच्या हातात दिला आणि मग मला कळलं.

मी ओरडले असेन. काय म्हणाले आठवत नाही. त्याचं आठवतं. समुद्रापासून इतक्या आत हा पक्षी आल्याचा पुरावा कुणाजवळ नाही, नुसतं सांगून कोण विश्वास ठेवणार, कातडं हवं. तू अजून लहान आहेस. मग जरा थांबून, "तुझे दोरे बरोबर असते तर मी आलोही नसतो." म्हणजे तो मला दोष देत होता, की आभार मानत होता? मी आजवर ठरवू शकलेले नाही. त्याच्या नकळत त्याने खरं सांगितलं होतं, एवढं मात्र खरं. मायसाठी तो आला नव्हता, नानांसाठी नव्हता, माझ्यासाठी तर नव्हताच. एका आखडलेल्या दोऱ्यासाठी आला होता. मला शिकवलं तेही मुंबईहून विचारता येईल अशी डोळ्यांची एक जोडी गावात असावी म्हणून शिकवलं की काय, असं वाटलं आणि ते वाटणं पुन्हा कधी पुरतं गेलं नाही.

संध्याकाळी गाडी आली. माय उतरायच्या आधीच भाऊ पुढे गेला.

"आई, तो उडून गेला. मी दोरी सोडली आणि गेला, सरळ दक्षिणेकडे."

माय गाडीच्या चाकाला धरून उभी राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. भाऊही माझ्याकडे पाहत होता. मी मान डोलावली.

"तुहीच वाट पाह्यत व्हते ते," माय त्याला म्हणाली. "तू आला, सुटले." त्या रात्री तिने त्याला स्वतःच्या हाताने शेव वाढली आणि मला म्हणाली, पोरी, तू काहून जेवत नही?

भाऊ नंतर दर दसऱ्याला यायला लागला. मोठा माणूस झाला, नाव झालं. माझ्या लग्नानंतर एकदा मी मुंबईला गेले तेव्हा त्याने मोठ्या हौसेने मला तिथल्या संग्रहालयातलं एक कपाट दाखवलं. खणात माझा पक्षी पाठीवर पडलेला, डोळ्यांच्या जागी माझ्या कापसाचे दोन बोळे. पायाला चिठ्ठी. ठिकाण जळगाव, मिळवणाऱ्याचं नाव त्याचं, आणि पुढे लिहिलेलं, मादी. मला इतकं हसू आलं की तिथला शिपाई उठून आला. भाऊने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, नानांची आठवण झाली.

मायला मी कधी बोलले नाही. माझ्या तोंडून हे खोटं दरवर्षी पितरांत वदवून घेतलं जायचं. ती म्हणायची, उडून गेले ना गं, आणि मी म्हणायचे, हो माय. तिचं समाधान मोडायचं नाही म्हणून भावावरचा राग मी पोटात ठेवला. राखीला गेले, त्याच्या मुलांची बारशी केली, त्याच्यासमोर हसले. मायच्या शेवटच्या आजारात मीच तिच्याजवळ होते. एका दुपारी मी तिचे पाय चेपत असताना ती आपणहून म्हणाली, "तुह्या भावानं मारलं त्याले, नही का?"

माझे हात थांबले.

"दादरीचं पीठ कमी झालं व्हतं. उकिरड्यावर पिठात लडबडलेलं मास अन् पिसं. कुत्र्यानं उकरून काढलं दुसऱ्याच दिवशी. मी परत पुरलं."

"म्हणजे तुला सगळं माहीत होतं? मग मला का नाही बोललीस, माय? मी इतकी वर्षं..."

तिने डोळे मिटले होते. आवाजात काही अपराधीपणा नव्हता. घरातली एखादी साधी गोष्ट सांगावी तसं तिने सांगितलं.

"बोलली असती तर तो परत आला नसता. तू कुठी जात व्हती?"